रक्त कोमट करण्याची घरगुती पद्धत

युद्धात मी देशासाठी रक्त सांडलं आहे. हे वाक्य मी जाहीर सभेत वापरत नाही, कारण ते ऐकून माणसं उभी राहतात आणि मग पुढचं सांगायला फार अवघड जातं. पुढचं एवढंच, की ते रक्त माझं नव्हतं आणि ते सांडलं बादलीत.

“काय धरून उभी आहेस तान्ह्या पोरासारखं?” प्रमिलाने विचारलं.

“रक्ताची बाटली आहे. दीवानसिंगची. सिस्टरांनी फ्रिजमधून काढून ठेवायला सांगितलीय. हात लावून बघ.”

तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. “अगं, बर्फ आहे नुसता. हे त्याच्या अंगात घालणार?”

“सकाळी एक घातली की. तेव्हापासून दात वाजतायत त्याचे. तीन कांबळी दिली तरी थांबत नाहीत.”

“मग काय होणार? विहिरीतलं पाणी डोक्यावर घेतलं तरी माणूस कुडकुडतो. हे तर थेट आत.”

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात उभ्या होतो. शाळा पंजाबातली, सरहद्दीपासून बारा मैलांवरची. साल एकाहत्तर, महिना डिसेंबर. मुलांना सुट्टी देऊन शाळेत इस्पितळ थाटलं होतं. सातवी ब मध्ये हाडं मोडलेले, सातवी अ मध्ये पोटात गोळी गेलेले, मुख्याध्यापकांच्या खोलीत रॉकेलवर चालणारा फ्रिज, आणि चित्रकलेच्या वर्गात रक्त तपासायची सोय. लढाई सुरू होऊन आठ दिवस झाले होते. तोफांचा आवाज इतक्या नियमाने यायचा, की तो थांबला की आम्ही एकमेकींकडे बघायचो.

आम्ही म्हणजे सांगलीच्या सहा मुली आणि मालतीबाई सरपोतदार. मालतीबाई कन्याशाळेत गृहशास्त्र शिकवायच्या. सीमेवर सेवेला जाणाऱ्या मुलींना त्यांनीच दोन महिने प्रथमोपचार शिकवले होते. त्या शिकवणीतलं मला आज आठवतं ते असं, की आजाऱ्याला गार काही द्यायचं नाही. दूध कोमट, पाणी कोमट, अंग पुसायचं फडकं कोमट, एरंडेलसुद्धा कोमट. रक्ताबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. पण एवढ्या सगळ्यावरून रक्ताचं अनुमान कुणीही काढलं असतं, आणि माझा तर तर्कशास्त्र हा खास विषय होता.

प्रमिला जाधव माझ्याच वर्गात. वडील पोलिसात हवालदार, स्वतः कॉलेजच्या कबड्डी संघाची कप्तान, वजन बासष्ट किलो. तिच्याकडे चहाचं खातं होतं. चुलीवरून नुकतीच उतरवलेली, वाफाळणारी बादली तिच्या पायाशीच होती.

“पाच मिनिटं ठेव यात,” ती म्हणाली. “माझ्या भाच्याची दुधाची बाटली ताई अशीच ठेवते.”

“फार गरम नाहीये ना?”

“बोट घालून बघ.”

मी बोट घातलं आणि काढलं. “गरम आहे.”

“बाटलीची काच जाड आहे. आतपर्यंत पोचायला कढतच लागणार.”

हेही तर्काला धरून होतं. मी पदर खोचला, बाटली दोन्ही हातांनी धरली आणि देवाच्या मूर्तीला पाण्यात सोडावं तशी हळूच सोडली.

आवाज अगदी बारीक झाला. कुणी नखाने टिचकी मारावी तसा. पाणी आधी कोकमाच्या सारासारखं झालं, मग त्याहून गडद. प्रमिला आणि मी बादलीत बघत राहिलो.

तेवढ्यात कॅप्टन कुरियन आल्या. या मुख्य परिचारिका, केरळच्या. बुटक्या, काटक, आणि चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. त्यांचं हिंदी आमच्या हिंदीइतकंच होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

“दीवानसिंग का दूसरा बोतल किधर है?”

“इधर,” मी म्हणाले आणि बादलीकडे बोट दाखवलं.

कॅप्टन कुरियन ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बादलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम क्या कर रहा था?”

“कोमट, म्हणजे, थोडा गरम. उसको ठंडी लगती है इसलिए.”

“ये बी निगेटिव्ह था,” त्या म्हणाल्या. “मेरे पास और नहीं है. दूसरा कल शाम की गाड़ी से आएगा.” मग जाता जाता, जणू ही बाब किरकोळच होती, “कल तुम घर जाएगा.”

मी घरी जायला तयारच होते. पण दीवानसिंगकडे तेवढा वेळ नव्हता.

हे मेजरसाहेबांनी सांगितलं. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, तीन दिवस झोपलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात चढउतार राहिला नव्हता. दीवानसिंगच्या मांडीत लोखंडाचा तुकडा होता आणि एक शीर फाटलेली होती. वरून आवळून बांधली होती, पण तसं फार वेळ ठेवता येत नाही. शीर शिवायची तर रक्त जाणार, आणि जाणारं रक्त भरून द्यायला बाटली हवी.

“तीन वाजेपर्यंत मी थांबतो,” ते म्हणाले. “बाटली मिळाली तर शीर शिवीन. नाही मिळाली तर पाय काढीन. काढायला कमी रक्त लागतं.”

भिंतीवर शाळेचं घड्याळ होतं. साडेअकरा वाजले होते.

मी दीवानसिंगकडे गेले. त्याची खाट सातवी ब च्या फळ्याखाली होती. फळ्यावर कुणा मास्तरांनी लिहिलेल्या नद्यांच्या उपनद्या अजून तशाच होत्या. तो गढवालचा, माझ्याच वयाचा, वर्षभरापूर्वी लग्न झालेला. शेतं डोंगरात, पायऱ्यापायऱ्यांची. घरापासून वरच्या शेतापर्यंत चारशे पायऱ्या, असं त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. एका पायाने चारशे पायऱ्या, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता.

“दीवानभैया, आपकी बोतल मुझसे फूट गई,” मी म्हणाले. “गरम पानी में रखी थी. आपको ठंड लगती थी ना.”

त्याने मान माझ्याकडे वळवली.

“बहनजी,” तो म्हणाला, “हमारे यहाँ दूध फटता है. खून फटते पहली बार सुना.”

त्याला हसू आलं आणि हसताना पाय हलला. मग तो हसायचा थांबला.

चित्रकलेच्या वर्गात हवालदार ढमाले बसायचा. हा सासवडकडचा, रक्त तपासणारा. त्याच्यापुढे एक पांढरी फरशी, काही काड्या आणि दोनतीन छोट्या बाटल्या असत. त्या बाटल्यांतलं औषध थेंबभर रक्तात मिसळलं की गट कळतो. आम्ही सगळ्याजणी रांगेने त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिलो. मालतीबाई सर्वांत पुढे.

“माझं घ्या, ढमाले. हवं तेवढं घ्या. माझ्या विद्यार्थिनीची चूक आहे, म्हणजे माझीच आहे.”

“बोट द्या आधी,” ढमाले म्हणाला. “चूक मागनं बघू.”

मालतीबाई ए निघाल्या. प्रमिलाने सोमवारीच रक्त दिलं होतं, ती ओ. दोघी मुली बी निघाल्या, तेव्हा मी कॅप्टन कुरियनना सांगायला निघालेच. पण बी निघाला की आणखी एक परीक्षा असते, पॉझिटिव्ह का निगेटिव्ह याची. त्यासाठी थेंब एका ऊबदार पेटीवर ठेवावा लागतो.

“इथं मात्र कोमट चालतं, ताई,” ढमाले माझ्याकडे न बघता म्हणाला.

दोघी पॉझिटिव्ह निघाल्या. मी बोट पुढे केलं.

“वजन?”

“काय?”

“तुमचं वजन किती म्हणतो मी.”

“एकोणचाळीस.”

“व्हा बाजूला. पंचेचाळीसच्या आत रक्त घेत नाहीत.”

“पण तपासून तर बघा.”

“औषध मोजकं आहे, ताई. ज्याचं घ्यायचं नाही त्याचं तपासून काय लोणचं घालू? शंभरात दोनतीन माणसं असतात या गटाची. मला माणसं लागणार. गठ्ठ्यानं लागणार.”

“मग मी काय करू?”

“माणसं आणा. आणि आणून झाली की इथं बसून नावं लिहा.”

पुढे जाणाऱ्या पलटणीतल्या जवानांचं रक्त घ्यायचं नाही, असा हुकूम होता. गाव अर्धं रिकामं झालेलं. पण गुरुद्वाऱ्यात सरहद्दीवरच्या खेड्यांतून उठून आलेले लोक उतरले होते, तीनचारशे तरी असतील. प्रमिला आणि मी औषधांच्या गाडीत बसून तिकडे गेलो.

मी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले होते. लंगरच्या मंडपात लोक ओळीने जेवत बसले होते. मी मध्ये उभी राहिले आणि सुरुवात केली. “भाइयों और बहनों, आज जब भारतमाता अपने सपूतों को पुकार रही है...” मी साधारण चार मिनिटं बोलले. इतिहास आला, हिमालय आला, वीरमाता आल्या. लोकांनी अदबीने ऐकून घेतलं. बोलणं संपलं तेव्हा एका म्हाताऱ्या सरदारजींनी माझ्या हातात ताट दिलं आणि डाळ वाढली. मी काही मागते आहे एवढं त्यांना कळलं होतं.

“बस तू,” प्रमिला म्हणाली. “जेव.”

तिने स्वेटरची बाही कोपरावर सारली आणि सुईची काळीनिळी खूण सगळ्यांना दिसेल अशी धरली.

“सोमवार को निकाला,” ती म्हणाली. “इतना बोतलभर. देखो, खड़ी हूँ.”

लोक बघायला लागले.

“एक लड़का है. पाँव में लगा है. तीन बजे तक खून नहीं मिला तो पाँव कटेगा. बस.”

“किसका लड़का?” ओळीतून कुणीतरी विचारलं.

“गढ़वाल का.”

“नाम की है?”

“दीवानसिंग.”

ज्याने विचारलं होतं तो उरलेली पोळी तोंडात कोंबून उठला. त्याच्या शेजारचा उठला. मग ओळच उठली. भारतमातेने चार मिनिटांत जे जमवलं नव्हतं ते एका नावाने झालं. मी ताट खाली ठेवून गाडीकडे धावले, कारण गाडीत जागा बारा माणसांची होती आणि चाळीस जण आधीच चढले होते. उरलेले पायी निघाले.

एक वाजल्यापासून मी ढमालेशेजारी नावं लिहीत बसले. नाव, बापाचं नाव, गाव. गाव विचारलं की माणसं जरा थांबायची, कारण त्यातली काही गावं त्या घडीला आपल्या ताब्यात नव्हती. तरी सांगायची. ढमाले बोट धरायचा, टोचायचा, थेंब फरशीवर घ्यायचा, काडीने ढवळायचा. ओ. बी. बी पॉझिटिव्ह. ए. बी. बी पॉझिटिव्ह. ज्याचा गट जुळायचा नाही तो ओशाळायचा, परीक्षेत नापास झाल्यासारखा. एकाने विचारलं, दुसऱ्या हातातलं बघता का. ढमालेने त्याला समजावलं, की दोन्ही हातांत एकच असतं.

“नापास कुणी नाही,” मालतीबाई सगळ्यांना दारात सांगत होत्या. “सबका खून अच्छा है. चाय पीके जाओ.” चहा नव्या बादलीत केला होता, हे त्यांनी प्रत्येकाला आवर्जून सांगितलं. का, ते कुणाला कळलं नाही.

दोन वाजले. सव्वादोन. कॅप्टन कुरियन दोनदा दारात येऊन गेल्या. त्या विचारायच्या नाहीत, नुसत्या ढमालेकडे बघायच्या. तो मान हलवायचा. औषधाच्या बाटलीचा तळ दिसायला लागला होता.

“अजून किती जणांना पुरेल?” मी विचारलं.

“वीसेक.”

“रांगेत किती आहेत?”

“तुम्ही लिहा, ताई. मोजू नका.”

अडीचच्या सुमाराला रांग मोडून एक बाई आत आली. उंच, रुंद, कणकेने माखलेले हात, दुपट्टा डोक्याला घट्ट गुंडाळलेला. तिने खोलीभर नजर फिरवली.

“मेरा आदमी इधर आया है? निरंजनसिंग? प्याज़ आधा छोड़ के भाग आया.”

निरंजनसिंग चहा पीत होता. तो ए निघाला होता. बायकोला बघून त्याने पेला पाठीमागे लपवला.

“बीबीजी, आई ही हैं तो उँगली दीजिए,” ढमाले म्हणाला.

“क्यों?”

“आपके आदमी का नहीं जमा.”

“उसका कब कुछ जमा है,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. खुर्ची सहावीच्या मुलाची होती, तिने कुरकुर केली. “जल्दी कर. तवा चढ़ा के आई हूँ.”

ढमालेने थेंब घेतला. मी लिहिलं, हरबन्स कौर, पतीचं नाव निरंजनसिंग. वजन विचारायची गरज नव्हती. फरशीवर बी निघाला. यात नवल नव्हतं, तोवर पंचवीस बी निघाले होते. त्याने दुसरा थेंब पेटीवर ठेवला आणि पेटी डावीउजवीकडे कलती करू लागला. करत राहिला. नेहमी थेंबात लवकर बारीक गुठळ्या धरायच्या, या वेळी धरेनात.

“काय झालं?”

त्याने नवा थेंब घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. मग काडी खाली ठेवली.

“लिहा, ताई,” तो म्हणाला. “बी निगेटिव्ह.”

मी लिहिलं. मग उठून दाराकडे गेले. मला मोठ्याने सांगायचं होतं. पण ते सांगावं लागलंच नाही. कॅप्टन कुरियन दारातच होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मेजरसाहेबांकडे निघाल्या. या वेळी त्यांच्या बुटांचा आवाज झाला.

हरबन्स कौर टेबलावर आडवी झाली, रक्त देताना छताकडे बघत नवऱ्याला कांद्याबद्दल सूचना देत राहिली. बाटली भरल्यावर तिला दूध दिलं. ते ती उभ्याउभ्या प्यायली.

“ये लेटेगी आधा घंटा,” कॅप्टन कुरियन म्हणाल्या.

“तवा कौन उतारेगा? तू?” हरबन्स कौर म्हणाली आणि गेली. जाताना दारात एकदा थांबली. “मुंडा बचेगा?”

“बचेगा,” कॅप्टन कुरियन म्हणाल्या. हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. एरवी माहीत नसलेली गोष्ट त्या सांगत नसत.

दीवानसिंगच्या रक्ताशी जुळवून बघितल्यावर ती बाटली तीनला दहा मिनिटं कमी असताना आत गेली. ती गार नव्हती. नुकतीच अंगातून निघालेली, म्हणजे कोमटच होती. मालतीबाईंनी हे माझ्या कानात सांगितलं. आपण तत्त्वतः बरोबर होतो, असा त्यांचा स्वर होता.

पावणेसहाला मेजरसाहेब बाहेर आले. व्हरांड्यात प्रमिला, मी, ढमाले, रांगेत राहून गेलेले दहाबारा लोक, सगळे उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, “पाय आहे.” मग भिंतीला टेकून बसले आणि बसल्याबसल्या झोपले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रांगेतला एक जण पुढे झाला आणि त्याने आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली.

मला घरी पाठवायचं राहून गेलं, कारण गाड्यांना मुलकी माणसांसाठी जागा नव्हती. कॅप्टन कुरियननी मला त्याऐवजी शिक्षा दिली. फ्रिजवर लावायची पाटी माझ्याकडून रंगवून घेतली, हिंदीत, ठळक अक्षरांत: खून गरम करना मना है. सहा दिवसांनी लढाई संपली. दीवानसिंगला मागच्या मोठ्या इस्पितळात हलवलं, तेव्हा तो स्ट्रेचरवरून प्रमिलाला म्हणाला, “चायवाली बहनजी, इनको बाल्टी से दूर रखना.” पुढे उन्हाळ्यात त्याचं एक कार्ड आलं. वरच्या शेतापर्यंत गेलो, मध्ये सहा वेळा बसलो, असं त्यात होतं. कार्ड प्रमिलाने ठेवलं. ती पुढे पोलिसात फौजदार झाली.

आम्ही परत आल्यावर सांगलीत सत्कार झाला. अध्यक्ष म्हणाले, की या कोवळ्या मुलींनी रणभूमीवर आपलं रक्त दिलं. मी उभी राहून सांगायचा प्रयत्न केला, की मी नाही दिलं, माझ्याकडून फुटलं. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या आणि मला जरा मोठा हार घातला.

एकोणीसशे शहात्तरच्या मार्चमध्ये, पहिल्या बाळंतपणाआधी, डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासायला पाठवलं. तोवर ते कुणी तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. बी निगेटिव्ह.